सातव्या कमानीतला पक्का दगड

दगडी पुलाच्या गवंड्याला सगळे टकटककाका म्हणत. गेली एकतीस वर्षं ते दोरीच्या पाळण्यात बसून पुलाच्या अंगाखांद्यावर लोंबकळत होते. प्रत्येक दगड हातोडीनं ठोकायचा, कान लावायचा, आवाज बिघडलेला वाटला तर त्याच्या दरजा नव्यानं भरायच्या. घरी टेबलसुद्धा वाजवून बघितल्याशिवाय ते त्यावर ताट ठेवत नसत. "लग्न ठरवायला आलात तेव्हा हातोडी घरी विसरलात, म्हणून माझं जमलं," असं बायको त्यांना ऐकवे.

पुलावर गाड्या वाढल्या. पायी जाणारे कठड्याला चिकटून, जीव मुठीत धरून चालू लागले. तेव्हा जुन्या पुलाच्या बाजूला पोलादी ब्रॅकेट बसवून त्यांवर पादचारी आणि सायकलवाल्यांसाठी एक हलका पूल टांगायचं ठरलं. इंजिनिअरबाईंनी ब्रॅकेटच्या जागी खडूनं फुल्या मारल्या. सातव्या कमानीवरची फुली बघून काकांनी हातातली हातोडी खाली ठेवली.

तो दगड दगडच नव्हता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी खरा दगड काकांच्या हातून फुटून नदीत गेला होता. मुकादमाच्या धाकानं त्यांनी भोकात हाताला लागेल ते कोंबलं, वर सिमेंट थापलं, रंग दिला आणि छिन्नीचे खोटे घावही काढले. तेव्हापासून पाण्यातली त्या कमानीची सावली त्यांना तोंड उघडायच्या बेतात असल्यासारखी दिसे.

काकांनी आधी कबुतरांचं कारण सांगितलं, मग ओलीचं, मग उन्हाचं. बाई हसल्या. शेवटी घरी बायकोनं ऐकवलं, "अहो, अब्रू गेली तर तुमची एकट्याची जाईल. ब्रॅकेट निघालं तर माणसं जातील."

दुसऱ्या दिवशी काकांनी बाईंपुढे त्या दगडाची कबुली दिली. बाईंनी दगड तपासायच्या यंत्रावरचा आकडा दाखवला.

"काका, अख्ख्या पुलात हाच दगड सगळ्यात पक्का निघालाय."

क्षणभर काकांची छाती फुगली. मग ते म्हणाले, "मॅडम, तुमचं यंत्र वरवर बघतं. आत घाण आहे."

कुणाला पटेना. म्हाताऱ्याला नवा पूल नकोय, अशी कुजबुज सुरू झाली. आपल्याच कारागिरीला नावं ठेवून ठेवून काकांचा घसा बसला. अखेर ते परांचीवर चढले आणि त्यांनी घण घातला. एक, दोन, तीन. कपचीही उडेना. इतकं चांगलं काम केल्याबद्दल त्यांनी स्वतःला एक शिवी हासडली आणि चौथा घाव घातला.

सिमेंट ढासळलं. विटांचे तुकडे आले, गोणपाट आलं, आणि मागोमाग एक काळा रबरी गमबूट हळूच बाहेर घसरला.

बाईंनी सातव्या कमानीची फुली पुसली, बूट उचलून उलटसुलट बघितला. डाव्या पायाचा होता.

"काका," बाईंनी शांतपणे विचारलं, "उजवा कुठाय?"

काकांनी घण खांद्यावर टाकला आणि खाली मान घालून ते नवव्या कमानीकडे चालू लागले.