मामंजींच्या छातीवरची फीत

आता कसं सांगू तुम्हाला, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या साली मी एक नवस बोलले होते. मामंजींच्या फोटोतल्या फितीचं नाव कळेपर्यंत चहात साखर घालणार नाही! देवाने ऐकलं, पण ऐकताना माझी अशी फजिती केली की अजून धसईच्या बाजारात गेले तर बायका पदर तोंडाला लावतात.

आमचे मामंजी फौजेत होते. फौजेत म्हणजे आचारी होते, लंगरात. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नव्हतेच. होता तो चुलीच्या धुराने काळवंडलेला, तुळईखाली टांगलेला फोटो. अंगात वर्दी, डोक्यावर टोपी, आणि छातीवर खिशाच्या वर बोटाच्या पेराएवढी फीत, मेडलची असते तशी. ती कशाबद्दल मिळाली, ते सांगायच्या आधीच मामंजी गेले.

यावरून काशीआत्या, म्हणजे सासूबाईंची नणंद, जन्मभर टोचत आली. "भाकऱ्या भाजल्याचं मेडल असल गो!" सासूबाई नुसत्या फोटोकडे बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मराच्या आधी एवढं कळलं ना, मंग काय नको." म्हणून तो नवस.

दिवाळीनंतर आमचे हे फोटो मुरबाडला घेऊन गेले आणि स्टुडिओतून त्याची कॉपी काढून आणली. रंगीत! बघते तर काय, वर्दी काळी-पांढरी, तोंड काळं-पांढरं, आणि फीत मात्र लालपिवळी झळकतेय!

"अहो, काळ्या फोटोत रंग कुठून आले?"

"नवीन मशीन हाय त्यांच्याकडं. त्याला कळतं सगळं."

मशीनला कळतं म्हटल्यावर मी कोण शंका घेणार?

ती कॉपी यांनी शहापूरच्या एका रिटायर सुभेदारांना दाखवली. त्यांनी बराच वेळ निरखली म्हणे, आणि बोलले, "लाल न् पिवळी? असली रिबन मी कधी पायली नाय. काहीतरी वेगळंच हाय हे. मूळ फोटो बघाया घरी येतो."

आता 'वेगळंच आहे' याचा अर्थ तुम्ही काय घेतला असता? मी घेतला, मोठ्ठं आहे! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण लुटलं तिळगुळाचं आणि बातमी लुटली फुकट. पहिल्या घरी म्हटलं, लाखात एकाला मिळतं. तिसऱ्या घरी मामंजींनी तोफ अडवली. पुढच्या आळीत जाईपर्यंत विमान पडलं होतं, आणि ते मी पाडलं नव्हतं हो, बायकांनीच पाडलं! सरपंचांनी निरोप धाडला, सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली सासूबाईंना शाल आणि नारळ. काशीआत्या स्वतः नाचणीचे पापड घेऊन आली. सासूबाई तेवढ्या घाबरल्या. "गो, चार लोकांत उद्या खोटं निघालं तर? त्यांचं नाव जाईल."

सुभेदार आले. ओटीवर माणसं मावेनात. मी फोटो भिंतीवरून खाली काढला. धुळीने, काजळीने भरलेला! पाहुण्यांच्या हातात असा द्यायचा? म्हणून ओलं फडकं घेतलं आणि सगळ्यांदेखत काच चांगली घासून पुसली.

आणि सुभेदारांनी बघितलं, तर लाल नाही, पिवळं नाही. फीत मामंजींच्या वर्दीसारखीच काळी-पांढरी!

"वैनी, मेडल पुसलंत की तुमी!"

काशीआत्या फडकं उचलून बघते तर त्यावर पिवळा डाग, लाल डाग. तिने वास घेतला. "ही तं हळद हाय गो!"

मग मला सगळ्यांदेखत कबूल करावं लागलं. दसऱ्याला नाही का आपण कोयता, नांगर, विळी सगळ्यांना हळदकुंकू लावत? मामंजी फौजी माणूस, त्यांचं शस्त्र कुठलं पुजायचं? फोटोत बंदूक नाही, तलवार नाही. म्हणून मी दर दसऱ्याला त्या फितीवर काचेवरूनच हळदीचं एक बोट ओढायची, शेजारी कुंकवाचं एक. आणि काचेसकट कॉपी काढणाऱ्या त्या मेल्या मशीनला ते कळलं नव्हतं!

"शस्त्रच पुजायचं व्हतं तं पळी पुजायची," काशीआत्या म्हणाली. सगळी ओटी हसली. सासूबाईंची मात्र मान खाली गेली. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

तेवढ्यात सुभेदार भिंग काढून म्हणाले, "थांबा, थांबा. आता खरी दिसतेय. तीन पट्ट्या, तिन्ही सारख्या. मधली पांढरी, बाजूच्या दोन गडद. ही मी ओळखतो. केशरी, पांढरी, हिरवी. देश स्वतंत्र झाला तवा जे जे फौजेत व्हते, त्यांना मिळालेली."

"सगळ्यांना?" काशीआत्याने विचारलं. "आचाऱ्याला पण?"

"आचाऱ्याला पण. बिनभाकरीची फौज उभी रायते काय काकू?"

सासूबाईंनी हात पुढे करून फोटो मांडीवर घेतला. बोटाने एकेक पट्टी चाचपली. "म्हंजे झेंडाच लावून फिरत व्हते," एवढंच म्हणाल्या. मी आत गेले, चहा ठेवला आणि सगळ्यांबरोबर माझ्याही कपात साखर घातली.

सव्वीस जानेवारीला सासूबाई झेंड्याखाली उभ्या राहिल्या आणि सरपंचांच्या हातून माइक घेऊन म्हणाल्या, "आमच्या मालकांनी इमान-बिमान काय पाडलं नाय. भाकऱ्या भाजल्या. न् ही फीत त्याचीच." टाळ्या पडल्या. शाल, नारळ, सगळं त्यांना. मलाही मिळालं हो! काशीआत्याने माझ्या हातात एक कोरं फडकं ठेवलं आणि माइकवर म्हणाली, "आणि आमची सून! फौजेला जे मेडल द्याया सालं लागली, ते हिनं एका हातानं पुसलं."

तेव्हा माझं एक ऐका. तुमच्याही भिंतीवर कुणी असेलच टांगलेलं. आजच खाली काढा, काच पुसा, आणि म्हाताऱ्या माणसांना जवळ बसवून विचारा, हे काय, ते काय. फक्त ओटीवर माणसं जमायच्या आधी पुसा, एवढीच हात जोडून विनंती.