मागून येणाऱ्या माणसाचा दिवा

बॅटरीमामांच्या दुकानात गाडी न्यायची तर घरून जेवूनच निघावं, असं आमच्या धंद्यातले सगळे सांगतात. त्यात मी पडले रागीट. कुणी मला ताटकळत ठेवलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, आणि कुणी घाई केली की मामा हातातली पक्कड खाली ठेवून चहा मागवतात. त्यामुळे कितीतरी वर्षं आमचं काही जमलं नाही. आज मात्र त्यांच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर मी त्याची गय करणार नाही. असं का, तेच सांगते.

दुकान म्हणजे पत्र्याची एक चिंचोळी खोली. भिंतीवर खिळ्याखिळ्याला वायरची भेंडोळी, फळीवर एका डब्यात नवे फ्यूज आणि दुसऱ्यात जळके. बसायला भंगारातल्या बसची सीट. तिची एक स्प्रिंग वर आलीय, ती जाणकार गिऱ्हाईक टाळतं आणि नवखं गिऱ्हाईक उडतं. मामा दातांत छोटी बॅटरी धरून काम करतात, म्हणून बॅटरीमामा. खरं नाव कुणाला ठाऊक नाही, त्यांच्या बायकोलाही ते आठवावं लागेल. दोन्ही हात कामात असले तरी बोलल्याशिवाय त्यांना करमत नाही. दातांत बॅटरी असल्यावर शब्द निघणार कसले? समोरचा आपला अंदाजाने मान डोलावतो.

त्यांची आणखी एक खोड आहे. गाडीच्या मागच्या दिव्याचं काम नेलं की पहिला प्रश्न, "मागे कोण असतं?" लोक वैतागतात. रस्त्यावर मागे कोण येणार ते कुणाला माहीत असतं? मग मामा स्टूल उचलतात, भर रस्त्यात गाडीच्या मागे लांब जाऊन बसतात आणि तिथून ओरडतात, ब्रेक दाब, डावा लाव, उजवा लाव. रहदारी त्यांना वळसा घालून जाते, लोक शिव्या देतात, मामा ढिम्म. तरुणपणी ते सायकलवरून माल पोचवायचे. पुढच्या ट्रकचा ब्रेकलाइट बंद होता आणि मामांच्या खांद्याचं हाड मोडलं. तो खांदा अजून पुरता वर जात नाही. दिवा पुढे बसणाऱ्याचा नसतो, मागून येणाऱ्याचा असतो, हे ते दहा गिऱ्हाइकांना दहा वेळा ऐकवतात.

आमचा धंदा गाद्यांचा. माझे थोरले दीर, म्हणजे मोठे भाऊजी, कारखाना चालवतात आणि माल पोचवायचं काम आम्हा नवराबायकोचं. मी पिकअप चालवते, मागे ट्रेलर जोडलेला. गाद्यांना वजन फारसं नाही, पण पसारा केवढा! वर रचत जायचं आणि मागेही लोंबू द्यायच्या. माझ्या मागून आमचे हे तीनचाकी टेंपोत उशा आणि पलंगाचे सुटे भाग घेऊन यायचे. टेंपो भाऊजींच्या नावावर, पण त्याला हात फक्त ह्यांचा लागायचा.

मागच्या थंडीत ह्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला. डॉक्टरांनी हात टेकले. ह्यांनी गाडी सोडली नाही, डोळ्यांत तेल घालून चालवत राहिले. मग एका सकाळी घाटात दाट धुकं होतं. गाद्यांनी माझे मागचे सगळे दिवे झाकून टाकलेले, मी ब्रेक मारला आणि हे येऊन धडकले. नशीब, मध्ये गाद्या होत्या. टेंपोची काच फुटली, ह्यांच्या कपाळाला खोक पडली आणि निभावलं.

भाऊजींनी त्याच दिवशी टेंपोची चावी काढून घेतली. माणूस वाईट नाही हो. उद्या ह्याला काही झालं तर मी तुझ्याकडे कुठल्या तोंडाने बघू, असं म्हणून माझ्यासमोर रडले. पण टेंपो विकायचं त्यांनी नक्की केलं. आणि आमचे हे बोलायचे थांबले. कान गेल्यावरही बोलत होते, चावी गेल्यावर थांबले. खिडकीशी बसायचे, जेवायला बोलावलं की यायचे, वाढलेलं मुकाट खायचे. मी ओरडून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, शेवटी ताटावरच रडले. त्यांनी फक्त पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत घरातल्या घरात नाहीसा होत होता.

म्हणून मी भाऊजींशी भांडले. चूक ह्यांच्या कानांची नव्हती, माझ्या झाकलेल्या दिव्यांची होती. पिकअपला ट्रेलरच्या दिव्यांची वायर खोचायचं सॉकेट असतं, त्यातून वायर काढून बॅटरीमामांकडून मागे जादा दिवे लावून घेते, मग एक खेप ह्यांना करू द्या, असं म्हटलं. भाऊजी म्हणाले, त्याच बॅटरीमामाला टेंपोत शेजारी बसव. एका खेपेनंतर तो म्हणाला हा चालवू शकतो, तर चावी ह्याची. नाही म्हणाला, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. मी कबूल केलं.

मामांकडे गेले तर नेहमीचाच प्रश्न, मागे कोण असतं? आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर माहीत होतं. म्हटलं, माझा नवरा असतो आणि त्याला ऐकू येत नाही. मामांनी पिकअपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, गाडी नंतर, आधी त्याला आण.

ह्यांना आणणं म्हणजे नाकी नऊ. आले ते मान खाली घालूनच. मामा काहीतरी बोलले, दातांत बॅटरी. हे गोंधळून माझ्याकडे बघायला लागले आणि माझं डोकं सटकलं. "मामा, ते ओठ बघून ओळखतात. आधी ते तोंडातलं काढा!" मामांनी बॅटरी काढली, शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली. त्या कामात पुन्हा म्हणून तोंडात धरली नाही. दोन दिवस ती मीच धरून उभी होते, वायर दाखव म्हटलं की वायरवर, बोल्ट दाखव म्हटलं की बोल्टवर. मामा ह्यांच्याशी बोलायचं असलं की काम थांबवून समोर येऊन बसायचे आणि सावकाश बोलायचे. मी मामा म्हणते, म्हणून हे त्यांचे जावईबापू झाले. "जावईबापू, टेंपोत बसा. दिवा कुठे हवा ते हाताने दाखवा." हे टेंपोत बसून हात वर करायचे, खाली करायचे, आणि मामा ट्रेलरच्या मागे फळी धरून तशी वर-खाली करायचे. धडक झाल्यापासून अख्ख्या कुटुंबात ह्यांना काय दिसतं हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

शेवटी एक लांब फळी ठरली. तिच्यावर लाल आणि पिवळे दिवे, तिची वायर ट्रेलरच्या सॉकेटला. माल भरला की फळी गाद्यांच्या बाहेरून, थेट ह्यांच्या डोळ्यांसमोर बांधायची. दुकानापुढे सगळं झकास लागलं. ब्रेक दाबला की लाल, वळायचं असलं की पिवळा. मामांनी स्टुलावर बसून बघितलं, ह्यांनी टेंपोतून बघितलं.

खेपेच्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. लग्नाला निघालात का, असं मी विचारलंसुद्धा. भाऊजींनी चावी ह्यांच्या हातात दिली ती जेवढ्यास तेवढी, परत मागण्याच्या बेताने. मी पुढे निघाले, मागून हे, आणि ह्यांच्या शेजारी मामा. आरसा गाद्यांनी भरलेला, मागचं मला काही दिसत नव्हतं. माझा जीव नुसता टांगणीला.

जाताना सगळं नीट झालं. माल उतरवला, कारखान्यात परत न्यायच्या जुन्या गाद्या भरल्या, फळी पुन्हा बांधली. घाटात परतीच्या बाजूचा रस्ता उखडलेला होता. एका वळणापलीकडे ट्रक बंद पडून आडवा उभा. मी कचकन ब्रेक मारला आणि डोळे मिटले. मागून आता धडकणार, एवढंच डोक्यात होतं. काही धडकलं नाही. मी उतरून मागे धावले तर टेंपो माझ्या ट्रेलरपासून चांगला दूर उभा, हे स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसलेले आणि मामांचा चेहरा पांढराफटक.

मामा खाली उतरले आणि मला म्हणाले, पुन्हा ब्रेक दाब. मी दाबला. ते म्हणाले, बघ. मग ब्रेकवर त्यांना बसवून मी मागे येऊन पाहिलं. लाल दिवा लागायचा सोडून फळीवरचे सगळेच दिवे मिणमिण करत होते, दिवसाउजेडी न दिसण्याइतके. करंट दिव्यातून परत जायला वाट लागते, तिला अर्थ म्हणतात. ती वाट मामांनी ट्रेलरच्या लोखंडाला बोल्ट मारून दिली होती. ट्रेलर पिकअपला जोडलेला असतो हुकाने, आणि हूक ग्रीसने माखलेला. उभ्या गाडीत तो टेकून असतो, दिवे लागतात. खड्ड्यातून उडून तिरका बसला की वाट तुटते, आणि मग गाडी थांबली तरी तुटलेलीच राहते. "उभ्या गाडीवर बघितलं मी. चालती बघितलीच नाही," मामा म्हणाले आणि इस्त्रीच्या शर्टासकट पिकअपखाली शिरले. सॉकेटच्या अर्थच्या पिनेपासून थेट गाडीच्या बॅटरीपर्यंत स्वतंत्र जाड वायर टाकली, फळीची अर्थही तिलाच जोडली.

तोवर मी ह्यांना खुणेने विचारलं, दिवा नव्हता, मग तुम्ही थांबलात कसे? त्यांनी वरच्या गादीकडे बोट केलं आणि तळहात पुढे झुकवून दाखवला. मी ब्रेक मारला की वरच्या गाद्या आधी पुढे झुकतात. हे दिवे बघतच नव्हते, गाद्या बघत होते. इतकी वर्षं माझ्यामागून येताना हा माणूस काय काय बघत आला असेल, ह्या विचाराने मला भर रस्त्यात भरून आलं.

पण भीतीही वाटली. दिवे बंद पडले हे भाऊजींना कळलं, तर ते म्हणणार, दिव्यांचाही भरवसा नाही, संपला विषय. मी पिकअपखाली वाकून मामांना विनवलं की दुरुस्त झालंय, आता तिकडे काही बोलू नका. मामांनी फक्त पक्कड मागितली.

कारखान्याच्या फाटकाशी भाऊजी वाटच बघत होते. ह्यांनी उतरल्या उतरल्या चावी त्यांच्या हातात दिली आणि बाजूला जाऊन उभे राहिले. भाऊजींनी मामांना विचारलं, काय झालं ते खरं सांगा.

"दिवे बंद पडले," मामा म्हणाले.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, पण मामा थांबले नाहीत. "चूक माझी. वायर मी चुकीची दिली. वळणावर हिने ब्रेक मारला तेव्हा मागे एकही दिवा दिसला नाही. मी बाजूला बसून बोंबललो, त्याचा काय उपयोग? पण मी तोंड उघडायच्या आत ह्याने टेंपो उभा केला होता. गाद्या कशा झुकतात ते बघून. धुक्यात गाद्या दिसत नाहीत, तेव्हा दिवे लागतील, ते आता मी नीट केलेत. तुम्हाला कुणाला घरी बसवायचंच असेल तर मला बसवा, ह्याला नको."

मामांना गप्प राहता आलं असतं. कारागिराने गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून स्वतःचं काम चुकलं म्हणायचं, तेही कुणी पकडलेलं नसताना, आणि ज्याच्यासाठी म्हणायचं त्याला ते ऐकूही जाणार नसताना. माझ्या नवऱ्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं. मामांच्या पाया पडावं की मिठी मारावी, मला कळेना. त्यांच्या शर्टावरचं ग्रीस मी नुसतीच पदराने पुसत राहिले, आणि ते आणखीच पसरलं.

आमचे हे तिकडे भिंतीशी उभे. त्यांना आमचे ओठ दिसत नव्हते, निकाल काय लागला ते माहीत नव्हतं. मान खालीच. भाऊजी जवळ गेले, त्यांचा हात धरला, चावी तळहातावर ठेवली आणि वरून स्वतःच्या दोन्ही हातांनी मूठ मिटली. हे त्या मुठीकडे बघत राहिले. मग मामांकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि सगळ्यांत शेवटी माझ्याकडे.

"तू वळणावर ब्रेक फार उशिरा मारतेस," ते म्हणाले. इतक्या दिवसांनी आवाज फुटला तो घोगरा, आणि आपल्यालाच ऐकू येत नसल्याने जरा मोठाच. "उद्यापासून आधी मारत जा. मागे मी असतो."

मी हो म्हटलं. त्यांना दिसावं म्हणून डोळे पुसून, पुढे होऊन, पुन्हा एकदा म्हटलं.