गोजरबाईने लावलेलं लग्न

गोजरबाईची आणि त्या कादंबरीची पहिली भेट झाली तेव्हा देऊळघाटातल्या बैलांनी दावी तोडली, चिमण्या पार अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत उडाल्या आणि बुलढाण्यात कलेक्टरसाहेबाच्या हातातला चहा सांडला, असं सांगतात. झालं होतं एवढंच, की सून रुख्मिणी खामगावला माहेरी जाऊन आली आणि तिच्या ट्रंकेतून, लुगड्यांच्या घडीतून, एक नवं कोरं पुस्तक निघालं. वरच्या चित्रात एक पोरगी खिडकीत बसली होती आणि खाली एक पोरगा चंद्राकडे बघत उभा होता.

"अवो माय!" गोजरबाई कडाडली. "ह्याले घरदार नाही काय?"

गोजरबाई गावाची पोथी वाचणारी. चातुर्मासात दुपारी तिच्या ओसरीवर बायका वाती वळत बसायच्या आणि ती खणखणीत आवाजात वाचायची. पोथीत असेल तेच वाचायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही, हा तिचा बाणा. त्याच्यावरच गावात तिचा मान. एकदा उकंडरावांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, भुकेपोटी "दोन ओव्या गाळ न" म्हटलं, तर त्या दिवशी त्यांना उपास घडला.

अशा बाईला न वाचता नावं ठेवणं कसं पटावं? कादंबरी किती वाह्यात आहे हे गावालाही कळू दे, म्हणून तिने ती ओसरीवर मोठ्याने वाचायला घेतली. बायका सवयीने वाती घेऊन आल्या. त्यांतल्या झुंबरबाईने सवयीनेच पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. आणि हळदकुंकू वाहिलेली पोथी अर्ध्यावर सोडली तर घराला बाधतं. गोजरबाई अडकली.

"अरविंद म्हणे कुमुदिनीसाठी झुरून राह्यला," ती दर पानाला भडकायची. "मंग बापाले काऊन सांगत नाही? चंद्राले सांगून राह्यला! चंद्र जाणार हाय काय मुलगी मागाले?"

"शिकेल हाय तो, आत्याबाई," रुख्मिणी हळूच म्हणाली.

"शिकेल हाय तं तोंड काऊन उघडत नाही?"

"अन् हे लोक जेवतात कवा वो?" झुंबरबाईला काळजी. "पोट्टी नुसती पेटी वाजवून राह्यली. वाळून जाईन न!"

संताप रोज चढत गेला, पण एक गंमत झाली. गोजरबाई आता चुलीपुढे भाकरी थापतानाही कुमुदिनीला रागे भरू लागली, आणि तसे रागे माणूस पोटच्या पोरीलाच भरतं.

पोथीत देवाचं लग्न आलं की ते लग्न गाव खरंच लावायचं. एक घर मुलीकडचं, एक मुलाकडचं. अंतरपाट, अक्षता आणि मग पुरणपोळी. शेवटचं प्रकरण उरलं तसं बायकांनी परस्पर ठरवून टाकलं: कुमुदिनी गोजरबाईकडची, अरविंद समोरच्या वच्छलाबाईकडचा. वच्छलाबाईने त्याच संध्याकाळपासून विहिणीसारखं नाक वर केलं.

"आमच्या पोराले काय कमी हाय?"

"कामधंदा," गोजरबाई म्हणाली.

रुख्मिणीने पुस्तक आधीच वाचलं होतं. ती म्हणाली, "आत्याबाई, हा शेवट मोठ्यानं नोका वाचू. लय हुरहूर लावते तो."

"हुरहूर मंग पाहू. आधी पुरण वाट."

दुसऱ्या दिवशी ओसरी भरली. उकंडराव मुलीचा बाप म्हणून पागोटं घालून बसले. अंतरपाट धरला गेला. गोजरबाई वाचत गेली. अरविंदच्या मनात संशय आला. तो आगगाडीत बसला. कुमुदिनी खिडकीशी वाट पाहत राहिली. गोजरबाईने पान उलटलं. पुढे कोरं पान होतं. त्याच्यापुढे छापखान्याचा पत्ता.

लेकीला खिडकीत बसवून हा लेखक कुठे उलथला? पाटावर पुरणपोळ्या, मुठीत अक्षता, आणि सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडाकडे.

"वाच न वो," झुंबरबाई म्हणाली.

गोजरबाईने कोऱ्या पानावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं: "तवा अरविंदच्या मायनं त्याले मलकापूरच्या ठेसनावरून कान धरून वापस आणलं, अन् म्हणे, बह्याडा, उभा राह्य पाटावर!"

अक्षतांचा पाऊस पडला. वच्छलाबाई डोळे पुसत म्हणाली, "मी आणलं बाई त्याले, मी!" उकंडराव पोळ्यांवर तुटून पडले.

रुख्मिणी मात्र जागची हलली नाही. "आत्याबाई, हे पुस्तकात नाही."



"नाही तं नाही!" गोजरबाईने पुस्तक आपटलं. "पोरीची जिंदगी खराब करनं लिहाले चालते, अन् मी लग्न लावलं तं पाप?"

पुरणपोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या.

पुढच्या चातुर्मासापासून देऊळघाटात पोथी रुख्मिणी वाचते. गोजरबाई वाती वळते.