कोऱ्याबाई

प्रयोगशाळेत त्यांना सगळे कोऱ्याबाई म्हणत. माती आणि विहिरींचं पाणी तपासायला आलं, की प्रत्येक खेपेबरोबर त्या निव्वळ शुद्ध पाण्याची एक बाटली लावून देत. तो कोरा नमुना. त्यात काहीही सापडता कामा नये. सापडलंच, तर खोट आपल्या भांड्यांत नाहीतर हातांत आहे असं समजायचं आणि सबंध खेप रद्द करायची. खेपा रद्द करण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्यामुळे त्या फारशा कोणाच्या लाडक्याही नव्हत्या.

एका वर्षी कोरा नमुनाच बिघडू लागला. कारखान्यांत यंत्रांवरचं तेल-वंगण धुवायला वापरतात त्या द्रावकाचा अंश त्यात दिसू लागला, आधी पुसट, मग ठसठशीत. बाईंनी बाटल्या बदलल्या, भट्टीत तापवल्या, सहकारी मुलींना अत्तर लावायची बंदी केली. उद्यापासून श्वासही विचारून घ्यायचा का, म्हणून मुली हसल्या. फरक काही पडेना. अहवाल तुंबले, तेव्हा साहेबांनी सुचवलं, की तेवढा आकडा सगळ्यांतून वजा करून टाका आणि मोकळ्या व्हा.

"कुठून येतंय ते कळल्याशिवाय नाही, साहेब," बाई म्हणाल्या.

त्यांनी दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून सीलबंद पाणी मागवलं. ते स्वच्छ निघालं. म्हणजे भांडी ठीक होती, हात ठीक होते. खोट इथल्या पाण्यात होती. प्रयोगशाळेचं शुद्ध पाणी बनवणाऱ्या यंत्राच्या मागच्या नळाखाली, जिथे पाणी अजून गाळलेलं नसतं, त्यांनी बाटली धरली. ते पाणी तपासायला लावलं, तर पडद्यावरची द्रावकाची रेघ चढत चढत वरच्या कडेला टेकली. यंत्राची गाळणी इतके दिवस हेच अडवत होती आणि आता दमली होती.

तो नळ आवारातल्या बोअरचा. मागच्या कर्मचारी वसाहतीलाही तेच पाणी. वसाहतीत बाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून राहत. नवरा प्रयोगशाळेच्याच गाडीवर ड्रायव्हर होता. मूत्रपिंडात गाठ निघाली, एक मूत्रपिंड काढलं, आता दुसरंही नीट चालत नव्हतं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी भरपूर पाणी पाजायला सांगितलं होतं. तो कंटाळा करी, तर बाई दटावून पेल्यामागून पेला पाजत.

साहेबांनी आलेख पाहिला. मग म्हणाले, "माझी नातवंडं सबंध सुट्टी इथे वसाहतीतच होती."

बोअर त्याच दिवशी बंद केला. कुंपणापलीकडच्या, कधीचाच टाळं लागलेल्या कारखान्याच्या जमिनीत ते द्रावक मुरलं होतं. मालक वारला होता. जाब विचारायला कोणी उरलं नव्हतं.

दारात टँकर पाहून नवऱ्याने विचारलं. बाईंनी लपवलं नाही.

"म्हणजे माझं हे त्यामुळेच?"

"नाही सांगता येत, अहो. असेलही, नसेलही."

"तुला येत नाही, मग कोणाला येणार?"

बाईंनी डॉक्टरांना विचारलं. तेही तेच म्हणाले. एका माणसाच्या गाठीवर तिचं कारण लिहिलेलं नसतं. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. फक्त बाईंनी पेला पुढे केला, की प्यायच्या आधी क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघे. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

दिवसकार्य उरकताच बाई कामावर रुजू झाल्या. कारखान्याच्या पलीकडच्या वस्तीतले बोअर तपासायचे होते, आणि ते काम त्यांनी मागून घेतलं. एका घरी त्या बाटली भरत असताना घरातली म्हातारी उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"खराब निघालं तर हे बंद कराल," ती म्हणाली. "पण आजवर प्यायलो त्याचं काय?"

बाईंनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. त्या खरं तेच बोलल्या, की माहीत नाही. मग शेजारच्या घराची कडी वाजवली.