अकरा गाणी

आष्टीच्या बसस्टँडवर एक बाई मांडीवर लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसली होती. मोबाइलमध्ये आईची गोंडी गाणी आहेत, ती म्हणाली. मोबाइलची वायर लावायची जागा तुटलीय आणि लॅपटॉप अपडेट केल्यापासून ब्लूटूथ जुळत नाही.

"दुकानात दाखवा," मी म्हटलं.

"दुकानवाला म्हणते, मोबाइलमधलं सारं उडवा लागन. आईले आता बोलता येत नाई. कशी उडवू?"

तिनं कितीदा तरी जोडून पाहिलं. शेवटी दोन्हीकडची जुनी जोडणी काढली, पदरानं बोटं पुसली आणि कोड नव्यानं टाकला. एक गाणं लॅपटॉपवर आलं. तिनं ते डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

तेवढ्यात तिची आर्वीची बस लागली. मी खुणावलं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "अजून अकरा गाणे रायले."