रव्याच्या डब्याखालची चिठ्ठी

मब्रूकाने ती चिठ्ठी रव्याच्या डब्याखाली ठेवली, ती काही विसरभोळेपणाने नव्हे. सफाक्सच्या इस्पितळातून नवऱ्याला घेऊन ती फेरीबोटीने केर्केना बेटावर परतली, तेव्हा जून सरत आला होता. खमैसच्या फुफ्फुसातला कर्करोग हाडांपर्यंत पोचला होता. डॉक्टरने इंजेक्शनं सुरू केली आणि त्याच दिवशी ही चिठ्ठी तिच्या हातात दिली.

"ही रौधा नर्सला द्या. आतापासूनच घरी येत जाईल ती. दम, दुखणं, झोप, सगळं बघेल."

आतापासूनच! मब्रूकाला धडकीच भरली. रौधाची पांढरी गाडी बेटावर कोणाला ठाऊक नव्हती? ती ज्या दारी थांबायची, त्या दारी आठवड्याभरात शेजारणी रव्याच्या कुसकुसची पातेली घेऊन रडायला यायच्या. लोक तिला बोलवायचेच अगदी शेवटी, आणि खापर मात्र गाडीवर फोडायचे. मब्रूकाही त्यांच्यातलीच. तिने चिठ्ठी दडवली आणि नवऱ्याला सांगितलं, "छातीत पाणी झालंय. औषधाने जाईल."

खमैस तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. दर सप्टेंबरात तो उथळ समुद्रात खजुरीच्या झावळ्या रोवून लांबच लांब कुंपण घालायचा. मासे त्या कुंपणाच्या कडेकडेने जात जात शेवटच्या पिंजऱ्यात शिरायचे. ही आजोबांपासूनची जागा. तिची वळणं कुठल्या कागदावर नव्हती, खमैसच्या डोक्यात होती. यंदा ती लेकीला, शादलियाला, शिकवायची असं त्याने ठरवलं होतं. तेवढी एकच गोष्ट त्याला हवी होती.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. त्याला आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून बसूनच डुलक्या घ्यायचा. बरगड्या ठणकायच्या. टोमणे बंद झाले, आणि घर सुनं सुनं वाटायला लागलं. मब्रूका सूप पाजत राहिली आणि हसत राहिली. मग एका सकाळी अंगणात झावळ्या सोलताना पाचवी झावळी त्याच्या हातातून गळून पडली. त्याने ती उचललीही नाही.

"शादलिया," तो धापा टाकत म्हणाला, "होडी विकून टाक."

मब्रूका तडक स्वयंपाकघरात गेली. डबा उचलला, चिठ्ठीवरचा रवा झटकला आणि लेकीला म्हणाली, "फोन लाव."

दुसऱ्या दिवशी रौधा आली. मब्रूकाने तिला रस्त्यातच गाठलं. "पोरी, रक्तदाब बघायला आलेय असं सांग हं त्याला. आणि ती गाडी मशिदीमागे लाव."

रौधाने गाडी मशिदीमागे लावली. ती आत येते न येते तोच खमैसने विचारलं, "गाडी कुठे दडवायला लावली माझ्या बायकोने?"

मब्रूका उगाच त्याची उशी सारखी करू लागली.

"जुलैतच वाचली मी ती चिठ्ठी," तो म्हणाला. "डब्यांमागे अंजिरं शोधत होतो. मला वाचता येतं हे विसरलीस होय गं?"

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"मला माहीत नाही असं तुला वाटत होतं तोवर तू हसत तरी होतीस. ते कशाला घालवू?"

रौधाने कपाळावर हात मारला. "धन्य आहात दोघंही! दोन महिने बसून काढलेत ना, काका? चला, आधी नीट झोपायचं बघू."

तिने मॉर्फिनच्या पातळ औषधाची बाटली काढली, तशी मब्रूका ओरडली, "अगं, हे तर शेवटचं औषध!"

"शेवटचं नाही, मावशी, दमाचं. थोडं थोडं द्यायचं. सफाक्सची इंजेक्शनंही चालूच ठेवायची. मासे आल्यावर झावळ्या रोवायला घेतं का कोणी?"

खमैस खदखदून हसला. हसता हसता खोकला, पण हसला. "हिला नोकरी सोडायला सांगा," तो म्हणाला, "माझ्या होडीवर घेतो."

आठवड्याभरात तो दोन उशांवर पाठ टेकून झोपायला लागला. रौधाने चेहऱ्यासमोर छोटा पंखा लावायला शिकवलं, थांबत थांबत चालायला शिकवलं, पोट साफ राहायचं औषध दिलं. मासळीच्या रश्शात मिरची कमी पडली म्हणून त्याने मब्रूकाला बोल लावले, तेव्हा तिला त्याची पापीच घ्यावीशी वाटली.

सप्टेंबर संपता संपता तो घोंगडी पांघरून होडीत बसला. शादलिया कमरेइतक्या पाण्यात झावळ्या रोवत होती.

"डावीकडे! आणखी! अगं, समुद्र आहे तो, तुझी वेणी नव्हे! सरळ कशाला जातेस?"

चार दिवसांत कुंपण उभं राहिलं. वळणं आता लेकीच्या डोक्यात होती. ऑक्टोबरात पिंजऱ्यात बोय मासळी लागली. पहिला मासा खमैसने स्वतः भाजला आणि दुसरा रौधाला दिला.

मार्चमधल्या एका दुपारी त्याने घरीच डोळे मिटले. कळा नव्हत्या, धाप नव्हती. मब्रूकाचा हात त्याच्या हातात होता, आणि समुद्रात कुंपण अजून उभं होतं. ती खूप रडली. पण कधी आभार मानायला बसली की तिला देवाच्या पाठोपाठ रौधाच आठवायची.

एप्रिलात शेजारची जनात नवऱ्याला घेऊन सफाक्सहून परतली. मब्रूका विचारपूस करायला गेली.

"काही नाही गं," जनात डोळे चुकवत म्हणाली, "छातीत पाणी झालंय."

मब्रूका उठली, जनातच्या स्वयंपाकघरात गेली आणि रव्याचा डबा उचलला. चिठ्ठी तिथेच होती.

"नको, मब्रूका!" जनात रडायला लागली. "ती गाडी दारात आली तर लोक काय म्हणतील?"

"माझ्या दारात लावायला सांगते. माझ्याकडे आता कशाला भ्यायचं?" मब्रूकाने चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि तिची मूठ मिटली. "त्या पोरीचे उपकार मला जन्मात फिटायचे नाहीत, जनात. सहा महिने माझा माणूस मला हसता-बोलता मिळाला. आठ मिळाले असते."