दाजींचा घरी जोडलेला रेडिओ

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट तयार आणली, ती म्हणजे अक्का, माझी थोरली बहीण. बाकी सगळं त्यांनी स्वतः जोडलं. सोलापुरातल्या एका गिरणीत ते फिटर होते, आणि दुकानात मांडलेली वस्तू गिऱ्हाइकाला गंडवण्यासाठीच मांडलेली असते, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांची सायकल जुन्या बाजारातल्या चार सायकलींची मिळून झाली होती. तिला उजवीकडे वळणं मान्य नव्हतं, म्हणून गिरणीला जाताना दाजी तीनदा डावीकडे वळत आणि त्यासाठी घरातून दहा मिनिटं लवकर निघत. कुणी हसलं तर तेवढाच व्यायाम म्हणत.

रेडिओचंही तेच. सगळी गल्ली तयार सेट घेत होती आणि दाजी व्हॉल्व्ह एकीकडून, स्पीकर दुसरीकडून गोळा करत होते. पेटी मिळेना तेव्हा त्यांनी अक्काचा देव्हाराच घेतला. देव फडताळात गेले, आणि आलेगेले लोक सवयीनं स्पीकरला हात जोडू लागले. सेट बोलायच्या आधी दोन वर्षं दाजी पोस्टात जाऊन रेडिओ ठेवायच्या सरकारी लायसनचे पैसे मात्र नेमानं भरत होते. अक्का तयार रेडिओ घ्या म्हणून मागे लागली की ते म्हणत, "तयार सेट बिघडला तर काय बिघडलंय ते कळतंय व्हय? आपला बिघडला तर आपल्याला ठावं असतंय की."

"आपला बिघडल्याबिगर ऱ्हातोय कुटं?" अक्का म्हणे.

अशात अक्काच्या महिला मंडळाला सांगली केंद्रानं गायला बोलावलं. जात्यावरच्या ओव्या, त्यातल्या पहिल्या दोन एकट्या अक्काच्या. ध्वनिमुद्रण करून ती परतली, तेव्हा कार्यक्रमाला आठवडा होता. शेजारच्या काकूंनी आमच्याकडे ऐकायला या म्हटलं, तर आमच्या घरी रेडिओ आहे असं अक्कानं ताठ मानेनं सांगितलं. दाजींनी ते ऐकलं आणि आठवडाभर त्यांना धड जेवण गेलं नाही.

कार्यक्रम भर दुपारी होता. मी बार्शीहून मुद्दाम आलो होतो, दारात बायका जमल्या होत्या, आणि सेटमधून नुसती खरखर. दाजी एरियल बघायला अनवाणीच पत्र्यावर चढले. सुटलेली तार त्यांनी हातात धरली आणि खाली निवेदिका स्वच्छ बोलू लागली. तार खांबाला बांधली की खरखर, हातात धरली की सांगली. मी ओरडून सांगितलं, दाजी, तसेच उभे राहा. सोलापूरच्या चैत्रात, तापलेल्या पत्र्यावर, ते या पायावरून त्या पायावर नाचत उभे राहिले. वर पत्रा थडथड वाजत होता, पण तार सुटली नाही. खाली सगळ्या बायका अक्काचा आवाज ऐकत होत्या. अक्का मात्र पत्र्याकडे बघत होती.

दाजी उतरले तेव्हा तळपाय लालबुंद झाले होते. अक्कानं परातीत पाणी आणून त्यांचे पाय त्यात ठेवले. आता तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होणार म्हणून मी सरसावून बसलो. पण दाजीच खाली मान घालून म्हणाले, "मला वर कायबी ऐकू आलं न्हाय. एकदा म्हण की."

लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि तिला गा म्हणून त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं. अक्का लाजली. मला म्हणाली, जरा बाहेर बस. मी ओट्यावर जाऊन बसलो. आत ती हळू आवाजात गाऊ लागली. रेडिओवर तिच्या एकटीच्या दोनच ओव्या झाल्या होत्या. दाजींसाठी ती येत होत्या तेवढ्या सगळ्या म्हणत राहिली. मी बाहेर ऐकत होतो, आणि आपलं लग्न अजून व्हायचंय याचं मला त्या दुपारी पहिल्यांदा वाईट वाटलं.